फॉर्म १०९९-जी म्हणजे काय? अमेरिकेतला बेरोजगारी भत्ता आणि राज्याचा टॅक्स रिफंड रिटर्नमध्ये कसा दाखवायचा?

दरवर्षी जानेवारी संपत आला की अमेरिकेत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मित्रांचे मला एकसारखे मेसेज येतात. मेसेजसोबत एक स्क्रीनशॉट असतो आणि खाली प्रश्न, "हा १०९९-जी काय प्रकार आहे? हे पैसे तर सरकारनेच दिलेत, मग यावर परत टॅक्स कसला?"

या वर्षी असे मेसेज जरा जास्तच आले. काहींची नोकरी गेली होती आणि बेरोजगारी भत्ता मिळाला होता. काहींना फक्त राज्याचा रिफंड आला होता. फॉर्म दोघांनाही एकाच नावाचा आला, पण दोघांचं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि गडबड नेमकी इथेच होते. कुणी टॅक्स लागणारी रक्कम दाखवतच नाही आणि दीड-दोन वर्षांनी नोटीस येते. कुणी टॅक्स न लागणाऱ्या रिफंडवरही टॅक्स भरून मोकळं होतं.

तर आजच्या लेखात आपण हा फॉर्म काय आहे, तो मोबाईलवर कुठे मिळतो, त्यातला कोणता आकडा रिटर्नमध्ये कुठे जातो आणि भारतीय विद्यार्थी व एच-१बी वाल्यांसाठी काय वेगळं आहे हे सविस्तर पाहू. मी सीए नाही किंवा अमेरिकेतला सीपीए पण नाही. तुमची केस गुंतागुंतीची असेल तर जाणकाराला जरूर विचारा. पण त्याला विचारायला जाताना निदान प्रश्न काय आहे हे तरी आपल्याला कळायला हवं, नाही का?

१०९९-जी म्हणजे नेमकं काय?

सरकारने वर्षभरात तुम्हाला दिलेल्या काही ठराविक पैशांची ही नोंद असते. इथला 'जी' म्हणजे गव्हर्नमेंट असं लक्षात ठेवा. हा फॉर्म बहुतेक वेळा राज्य सरकारचं खातं काढतं. त्याची एक प्रत तुम्हाला आणि एक प्रत आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय आयकर खात्याला जाते. आपल्याकडे एआयएस मध्ये बँकेचं व्याज आधीच दिसत असतं ना, तसंच समजा. तुम्ही सांगा किंवा सांगू नका, आकडा त्यांच्याकडे पोहोचलेला असतो.

फॉर्मवर बरेच बॉक्स असतात, पण आपल्या कामाचे चारच:

बॉक्स १: वर्षभरात मिळालेला एकूण बेरोजगारी भत्ता.
बॉक्स २: राज्याच्या किंवा स्थानिक आयकराचा रिफंड, क्रेडिट किंवा वळती केलेली रक्कम.
बॉक्स ३: बॉक्स २ मधला रिफंड कोणत्या वर्षाच्या टॅक्सचा आहे ते वर्ष.
बॉक्स ४: भत्त्यातून आधीच कापलेला फेडरल टॅक्स (आपल्या टीडीएस सारखा).

एक गोष्ट लक्षात घ्या. भत्ता देणारं खातं वेगळं आणि रिफंड देणारं खातं वेगळं. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात भत्ता ईडीडी हे खातं देतं आणि राज्याचा रिफंड फ्रँचाइज टॅक्स बोर्ड देतं. त्यामुळे एकाच माणसाचे एकाच वर्षात दोन १०९९-जी निघू शकतात. एक मिळाला म्हणून दुसरा शोधायचं थांबू नका.

फॉर्म मोबाईलवर कुठे मिळेल?

साधारण ३१ जानेवारीपर्यंत हा फॉर्म द्यावा लागतो. पण पोस्टाने येईल म्हणून वाट बघत बसू नका. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी ही राज्यं रिफंडचा १०९९-जी पोस्टाने पाठवतच नाहीत, तो वेबसाइटवरच बघावा लागतो. पेटीत कागद आला नाही म्हणजे फॉर्म निघालाच नाही, असं समजू नका.

स्टेप्स अशा:

१. भत्त्यासाठी ज्या पोर्टलवर तुम्ही अर्ज केला होता तिथेच लॉगिन करा. टॅक्स फॉर्म किंवा १०९९-जी असा पर्याय असतो. पीडीएफ डाउनलोड करून ठेवा.
२. रिफंडसाठी राज्याच्या आयकर खात्याच्या वेबसाइटवर जा. तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर आणि मागच्या रिटर्नमधली माहिती लागू शकते, म्हणून ते रिटर्न जवळ ठेवा.
३. पडताळणीसाठी आयआरएसच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये 'वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट' बघा. तुमच्या नावावर आयआरएसला पोहोचलेले फॉर्म तिथे दिसतात. मात्र चालू सीझनची माहिती तिथे पूर्ण यायला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीत यादी रिकामी दिसली तर "आपलं काहीच नाही" असा निष्कर्ष काढू नका.

आयआरएसचं अकाउंट उघडताना आयडी डॉट मी या सेवेतून ओळख पटवावी लागते. ओळखपत्राचा फोटो आणि फोनवरून सेल्फी द्यावी लागते.

वर्षभरात भारतात परत आलेल्यांनी एक खास काळजी घ्या. यातली अनेक पोर्टल्स ओटीपी अमेरिकन नंबरवर पाठवतात. सिम बंद करून पुण्याला आलात की फेब्रुवारीत लॉगिन करताना पंचाईत होते. विमानात बसण्याआधी जिथे सोय असेल तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडून ठेवा, ईमेल भारतातही चालू राहील असा द्या आणि पत्ता बदला.

बेरोजगारी भत्ता: पूर्ण रकमेवर टॅक्स

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बॉक्स १ मधली रक्कम फेडरल रिटर्नमध्ये पूर्णपणे करपात्र आहे. अमेरिकेत १९७९ पासून भत्त्याच्या काही भागावर टॅक्स लागायला लागला आणि १९८६ च्या कर सुधारणा कायद्यानंतर तो पूर्ण रकमेवर लागू झाला.

इंटरनेटवर अजूनही "पहिले १०,२०० डॉलर माफ" असे जुने व्हिडिओ फिरतात. ती सवलत कोविडच्या काळातली होती आणि फक्त २०२० या एका वर्षासाठी होती. आज ती लागू नाही.

रिटर्नमध्ये कुठे भरायचं? फॉर्म १०४० सोबत शेड्युल १ नावाची पुरवणी असते. तिच्यात लाइन ७ वर बॉक्स १ चा आकडा जातो. शेड्युल १ ची बेरीज मग मुख्य फॉर्मच्या लाइन ८ वर येते. बॉक्स ४ मध्ये कापलेला टॅक्स असेल तर तो लाइन २५बी वर दाखवायचा, तो विसरलात तर कापलेले पैसे वाया जातील. त्याच वर्षात भत्त्यातले काही पैसे परत करावे लागले असतील तर ते वजा करून उरलेली रक्कम दाखवायची आणि फॉर्मवर 'रिपेड' अशी नोंद करायची. बॉक्स १ मध्ये मात्र मूळ एकूण रक्कमच असते, म्हणून परत केल्याची पावती जपून ठेवा.

आता पैशाचा हिशोब बघा. एच-४ वर वर्क परमिट असलेल्या माझ्या एका मैत्रिणीची कॅलिफोर्नियातली नोकरी गेली. तिथे भत्ता जास्तीत जास्त आठवड्याला ४५० डॉलर मिळतो. २० आठवड्यांचे झाले ९,००० डॉलर. नवऱ्याच्या पगारासोबत जॉइंट रिटर्न, त्यामुळे ही रक्कम २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. म्हणजे १,९८० डॉलर टॅक्स. भत्ता घेताना काहीच कापलेलं नव्हतं, त्यामुळे ही सगळी रक्कम एप्रिलमध्ये एकदम समोर आली, आणि तेव्हा तिला नवी नोकरी मिळालेली नव्हती.

यावर उपाय आहे. भत्त्यासाठी अर्ज करतानाच १० टक्के फेडरल टॅक्स कापून घ्या असं सांगता येतं. पोर्टलवर तसा पर्याय असतो, नसेल तर डब्ल्यू-४व्ही हा फॉर्म असतो. १० टक्केच कापता येतात, कमी नाही आणि जास्त नाही. तिने हे केलं असतं तर ९०० डॉलर आधीच भरले गेले असते. स्लॅब वरचा असेल तर उरलेल्या फरकासाठी दर तिमाहीला अंदाजे टॅक्स भरता येतो, आपल्याकडच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्ससारखा. नोकरी गेल्यावर हातात येणारा प्रत्येक डॉलर हवासा वाटतो हे खरं आहे, पण पूर्ण भत्ता खर्च करून टाकण्याआधी हा हिशोब एकदा नक्की करा.

राज्याच्या टॅक्सचं काय? ते राज्यावर अवलंबून आहे. टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांत आयकरच नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्याकडे आयकर आहे, पण ते बेरोजगारी भत्त्यावर टॅक्स लावत नाहीत. कॅलिफोर्नियाचं रिटर्न मात्र फेडरलच्या आकड्यापासून सुरू होतं, म्हणून तिथे ही रक्कम वजा करायला विसरू नका.

राज्याचा रिफंड: मागच्या वर्षी काय केलंत ते बघा

बॉक्स २ मध्ये आकडा दिसला की लोक घाबरतात. पण यातल्या बहुतेकांना टॅक्स लागत नाही.

नियमामागचं कारण समजून घेतलं तर पाठांतर करावं लागत नाही. समजा मागच्या वर्षी तुम्ही राज्याला टॅक्स भरला आणि फेडरल रिटर्नमध्ये तो खर्च म्हणून वजा केला. त्यामुळे तुमचा फेडरल टॅक्स कमी झाला. आता राज्य म्हणतं, "जास्त घेतले होते, हे घ्या परत." म्हणजे जो खर्च दाखवून सवलत घेतली तो खर्च पूर्ण झालाच नव्हता. म्हणून परत आलेली रक्कम या वर्षी उत्पन्न धरायची. आणि मागच्या वर्षी त्या टॅक्सवर फेडरल सवलत घेतलीच नसेल तर? मग तो फक्त तुमचाच पैसा परत आला, त्यावर टॅक्स नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच, बॉक्स ३ मधल्या वर्षाच्या रिटर्नमध्ये तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन घेतलं होतं की खर्च एकेक मोजून, म्हणजे आयटमाइज्ड डिडक्शन घेतलं होतं? स्टँडर्ड घेतलं असेल तर रिफंडवर फेडरल टॅक्स नाही. भाड्याच्या घरात राहणारे, गृहकर्ज नसलेले बहुतेक तरुण इथेच सुटतात.

आयटमाइज्ड घेतलं असेल तर पुढचा हिशोब. २०२५ मध्ये आलेला, २०२४ च्या टॅक्सचा रिफंड धरू. २०२४ मध्ये एकट्या माणसाचं स्टँडर्ड डिडक्शन १४,६०० डॉलर होतं.

उदाहरण पहिलं: राज्याचा टॅक्स ७,००० आणि गृहकर्जाचं व्याज ८,१००, एकूण १५,१०० डॉलर वजावट घेतली. रिफंड आला १,२०० डॉलर. पण स्टँडर्डपेक्षा जास्तीचा फायदा झाला फक्त ५०० डॉलरचा. म्हणून १,२०० पैकी ५०० डॉलरच करपात्र.

उदाहरण दुसरं: राज्याचा टॅक्स १२,००० आणि घरपट्टी ४,०००, मिळून १६,०००. पण २०२४ मध्ये या दोन्हींची मिळून वजावट १०,००० डॉलरच्या वर घेता येत नव्हती. रिफंड १,२०० आला. तो वजा केला तरी १४,८०० उरतात, म्हणजे वजावट १०,००० च राहिली असती. या १,२०० वर कोणतीही सवलत मिळालीच नव्हती, म्हणून करपात्र रक्कम शून्य.

करपात्र रक्कम निघाली तर ती शेड्युल १ च्या लाइन १ वर जाते. रिफंड बँकेत न घेता पुढच्या वर्षाच्या टॅक्समध्ये वळता केला असेल तरी तो मिळाला असंच धरलं जातं. "खात्यात तर काही आलंच नाही" हे कारण चालत नाही.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच एक नोंद करून ठेवा. ती १०,००० ची मर्यादा २०२५ च्या टॅक्ससाठी ४०,००० डॉलर झाली आहे (फार मोठ्या उत्पन्नाला ती कमी होत जाते). त्यामुळे न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात घर घेतलेल्यांपैकी ज्यांचा रिफंड आतापर्यंत दुसऱ्या उदाहरणासारखा सुटत होता, त्यांचा २०२६ मध्ये येणारा रिफंड करपात्र ठरू शकतो.

आणि फेडरल रिफंड? तो उत्पन्न नाहीच. फक्त त्यावर आयआरएसने व्याज दिलं असेल तर ते व्याज करपात्र असतं.

भारतीय विद्यार्थी आणि एच-१बी: इथे नीट लक्ष द्या

टॅक्सच्या दृष्टीने नॉन-रेसिडेंट असलेल्यांना १०४० ऐवजी १०४०-एनआर भरावा लागतो. एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं याच गटात असतात. आणि नॉन-रेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही.

पण भारतीय विद्यार्थ्यांना मिळतं! भारत आणि अमेरिकेत १९८९ मध्ये झालेल्या कर कराराच्या कलम २१(२) मुळे भारतातून आलेला विद्यार्थी १०४०-एनआर वरही स्टँडर्ड डिडक्शन घेऊ शकतो. तुमच्या शेजारच्या खोलीतल्या चिनी किंवा नेपाळी मित्राला ही सोय नाही, म्हणून त्याचं रिटर्न बघून आपलं भरू नका. तुम्ही कराराप्रमाणे स्टँडर्ड घेतलं असेल तर पुढच्या वर्षी आलेला राज्याचा रिफंड करपात्र नाही.

आता एच-१बी वर थेट भारतातून आलेला मुलगा घ्या. पहिल्या वर्षी तो ऑक्टोबरमध्ये पोहोचला, दिवस कमी भरले, म्हणून नॉन-रेसिडेंट. तो विद्यार्थी नाही, त्यामुळे कराराची ही सोय नाही. त्याने राज्याचा टॅक्स आयटमाइज करून वजा केला. पुढच्या वर्षी ७०० डॉलर रिफंड आला. त्याच्यासाठी तुलना करायला स्टँडर्ड डिडक्शनच नव्हतं, म्हणून पूर्ण ७०० करपात्र. दुसऱ्या वर्षी तो रेसिडेंट झाला आणि त्याने स्टँडर्ड घेतलं, तरी हे ७०० दाखवावेच लागतात. कारण रिफंड ज्या वर्षाच्या टॅक्सचा आहे, त्या वर्षी काय वजा केलं होतं हेच बघितलं जातं.

भत्त्याबद्दल थोडं. बेरोजगारी भत्ता मिळण्यासाठी "आज नोकरी मिळाली तर लगेच काम करू शकतो" ही अट असते. नोकरी गेल्यावर एच-१बी वाल्याला ६० दिवसांपर्यंतची मुदत असली तरी त्या काळात कुठेही लगेच काम करता येत नाही, म्हणून अनेकदा अर्ज नाकारला जातो. ग्रीन कार्ड किंवा स्वतंत्र वर्क परमिट असलेल्यांचं वेगळं. अंतिम निर्णय राज्याचा असतो. अर्जात व्हिसाची माहिती खरी आणि पूर्ण द्या.

टॅक्स अ‍ॅप वापरताना हे तपासा

बहुतेक जण रिटर्न फोनवरच्या अ‍ॅपमधून भरतात. अ‍ॅप तुम्ही दिलेल्या उत्तरांवर चालतं, म्हणून तीन गोष्टी बघा.

एक, "मागच्या वर्षी आयटमाइज केलं होतं का?" हा प्रश्न घाईत 'हो' करून पुढे जाऊ नका. अ‍ॅप या वर्षी बदललं असेल तर त्याच्याकडे तुमचं जुनं रिटर्न नसतं. ते हाताशी ठेवून उत्तर द्या.
दोन, बऱ्याच लोकप्रिय अ‍ॅपमध्ये १०४०-एनआर फॉर्मच नसतो. नॉन-रेसिडेंटने त्यातून १०४० भरला तर ते रिटर्नच चुकीचं होतं. नॉन-रेसिडेंटसाठीचं वेगळं सॉफ्टवेअर वापरा, अनेक विद्यापीठं त्याचा कोड विद्यार्थ्यांना देतात.
तीन, सबमिट करण्याआधी पीडीएफ उघडून शेड्युल १ ची लाइन १ आणि लाइन ७ स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

न घेतलेल्या भत्त्याचा फॉर्म आला तर?

कोविडच्या काळात दुसऱ्यांच्या नावावर भत्ता उचलण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर झाले. तुम्ही अर्जच केला नाही आणि बॉक्स १ मध्ये रक्कम दिसतेय, तर तुमची ओळख कुणीतरी वापरली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी त्या राज्याच्या भत्ता देणाऱ्या खात्याकडे फसवणुकीची तक्रार करा आणि दुरुस्त केलेला १०९९-जी मागा. न मिळालेलं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवू नका, आणि दुरुस्त फॉर्म येईपर्यंत रिटर्न अडवूनही ठेवू नका. आयआरएसच्या अकाउंटमधून सहा अंकी आयपी पिन घ्या, म्हणजे तुमच्या नावाने दुसरा कुणी रिटर्न भरू शकणार नाही.

आणि "तुमचा रिफंड तयार आहे, लिंकवर क्लिक करा" असा एसएमएस आला तर डिलीट करा. आयआरएस एसएमएस, ईमेल किंवा सोशल मीडियावरून स्वतःहून संपर्क करून तुमची माहिती मागत नाही.

दाखवलंच नाही तर काय होईल?

आयआरएसचा कॉम्प्युटर १०९९-जी आणि रिटर्न जुळवून बघतो. फरक सापडला तर सीपी२००० नावाची नोटीस येते. त्यात वाढीव टॅक्स आणि व्याज मांडलेलं असतं, कधी दंडही असतो. ते अजून बिल नसतं, प्रस्ताव असतो. मान्य नसेल तर छापलेल्या तारखेच्या आत कागदांसह उत्तर देता येतं. राज्याचा रिफंड करपात्र नसताना अशी नोटीस आली, तर मागच्या वर्षीचं स्टँडर्ड डिडक्शनचं पान जोडून तेच सांगायचं. उत्तरच न देणं हे मात्र महागात पडतं. पुढे कधी नागरिकत्वाचा अर्ज केलात तर थकीत टॅक्सबद्दल तिथेही विचारलं जातं.

थोडक्यात सांगायचं तर, बॉक्स १ म्हणजे पूर्ण रक्कम दाखवा, बॉक्स २ म्हणजे आधी मागचं रिटर्न उघडा, बॉक्स ४ म्हणजे कापलेलं श्रेय घ्यायला विसरू नका. रिटर्नची शेवटची तारीख साधारण १५ एप्रिल असते, तेव्हा दोन्ही पोर्टलवरून पीडीएफ या आठवड्यातच उतरवून घ्या.

तुमचा भाऊ, बहीण किंवा मित्र अमेरिकेत असेल तर त्यांना हा लेख नक्की पाठवा. काही शंका असेल तर तुमचा व्हिसा, राज्य आणि मागच्या वर्षी कोणता फॉर्म भरला होता एवढं लिहून खाली विचारा. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा फॉर्मचा फोटो मात्र कुठेही टाकू नका.